कोंडू मेला, आणि कोणालाच काही वाटलं नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय २७, राहणार मनीषनगर, नागपूर, नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत. दीड वर्षापासून एक आड एक रविवारी दुपारी चार ते रात्री नऊ पाच मित्रमैत्रिणींना जमवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, जग स्वतः रचलेलं, डीएम (म्हणजे ते जग मांडून खेळ चालवणारा) तोच. तक्रार अशी की लढाई सुरू असली की कोणी पाणी प्यायलाही उठत नाही. ती संपून सगळे गावात आले की फोन बाहेर निघतात. एक मैत्रीण प्रत्येक दुकानदाराशी अर्धा-अर्धा तास बोलत बसते, दोघं “चल ना बे पुढे” करत राहतात. प्रवास कोरडा होऊ नये म्हणून त्याने वाटेत लांडगे आणि दरोडेखोर घालून पाहिले, तर आणखी एक लढाई झाली आणि सेशन रात्री अकरापर्यंत लांबलं. वेगवेगळे आवाज काढणं, नकला करणं त्याला जमत नाही. गेल्या महिन्यात एका मित्राचं कॅरेक्टर, कोंडू नावाचा लढवय्या, मेला. मित्राने पाच मिनिटांत नव्या पात्राची शीट, म्हणजे माहितीचा कागद, भरला, कोंडूचा भाऊ बोंडू हजर झाला, सगळे हसले आणि पुढे निघाले. वाचक विचारतो: हा मधला भाग रंगवू कसा? की काढूनच टाकू? की डीएमगिरी दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा होऊ?

पत्राखाली तू वय लिहिलंस. माझा मुलगा तुझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, तेव्हा अरेतुरे करते, राग मानू नको. आणि हा प्रश्न या सदरात कसा काय आला असं ज्यांना वाटत असेल त्यांना सांगून टाकते, मी स्वतः हा खेळ खेळते. पाच वर्षांपूर्वी मुलाच्या गटात एक जण कमी पडला म्हणून “आई, नुसती बस, सांगितलं की फासा टाक” असं म्हणून मला बसवलं होतं. मुलगा पुण्याला गेला, मी बसलेलीच राहिले. आता धरमपेठेत आमचा पाच बायांचा गट आहे आणि डीएम मी आहे. खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी एवढंच: एक जण जग मांडतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि जिथे काय होईल सांगता येत नाही तिथे फासा टाकतात.

तुझ्या पत्रात फोनबद्दल दीड पान आहे आणि कोंडूबद्दल तीन ओळी. मी त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी फोन. फोन निघाला म्हणजे कंटाळा आला, असं तू धरून चालला आहेस. पण तुमची लढाई दीड दीड तास चालते असं तूच लिहितोस. दीड तास हिशेब करून, मंत्र मोजून, कोण कुठे उभा आहे ते डोक्यात ठेवून माणूस दमतो. त्या दमलेल्या माणसासमोर तू लगेच गावाचं वर्णन सुरू करतोस, तर तो मोबाइल बघणार नाही तर काय करणार? आमच्याकडे लढाई संपली की खेळ थांबतो. वीस मिनिटं. तर्री पोहे, चहा, ज्याला फोन बघायचा त्याने मनसोक्त बघावा, जिला घरी फोन करून “भाजी फोडणीला टाका” सांगायचंय तिने सांगावं. मे महिन्यात तर याला पर्याय नाही. कूलर सुरू असला की डीएमचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, आणि बंद करावा तर ४५ डिग्रीत राक्षसाच्या आधी आम्हीच वितळतो. तुमच्या फोनच्या तक्रारीतला निम्मा भाग या वीस मिनिटांत मिटेल असा माझा अंदाज आहे.

उरलेल्या निम्म्याचं कारण निराळं आहे. लढाईत धोका असतो म्हणून ती रंगते आणि मुक्कामात धोका नसतो म्हणून तो पडतो, असं तुला वाटतं. म्हणून तर वाटेत लांडगे सोडलेस. (डाउनटाइमला, म्हणजे दोन मोहिमांमधल्या वेळेला, आम्ही मुक्कामच म्हणतो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई वारीला जातात. तिने पहिल्याच दिवशी हा शब्द वापरला आणि तो राहिला.) मला विचारशील तर लढाई रंगते ती पाळीमुळे. इनिशिएटिव्हचा फासा पडला, क्रम लागला, की प्रत्येकाला माहीत असतं: माझी पाळी येणार आहे, तेव्हा मला काहीतरी एक निवडायचं आहे, आणि निवडलं की पटावर काहीतरी हलणार आहे. गटातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीचीही पाळी कोणी खाऊ शकत नाही. आता लढाई संपल्यावरचं तुझं वाक्य आठव. “तुम्ही गावात पोचलात. काय करता?” पाचही जणांना एकदम विचारलेलं. मग जिला बोलायची हौस आहे ती बोलत सुटते आणि बाकीचे बँकेत टोकन न घेता बसल्यासारखे बसून राहतात. आपला नंबर कधी लागेल ठाऊक नाही, लागेल की नाही तेही ठाऊक नाही.

एक हिशेब करून बघ. पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी ६ सेकंदांची. तुमच्या दीड तासात पाच-सहा फेऱ्या होत असतील, म्हणजे खेळातला जेमतेम अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाला दीड तास, आणि पुढच्या सात दिवसांच्या प्रवासाला तुझी दोन वाक्यं. यात तुझा एकट्याचा दोष नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापला तो युद्धखेळांच्या टेबलावरूनच उठून आलेला होता. त्यामुळे लढाईला पहिल्यापासून हाडं आहेत. मुक्कामाला ती आपल्याला घालावी लागतात.

ती कशी घालायची हे पुढे इतरांनी शोधून ठेवलंय. ‘ब्लेड्स इन द डार्क’ नावाचा चोरांचा खेळ २०१७ मध्ये आला. त्यात एक मोहीम संपली की प्रत्येक खेळाडूला मुक्कामात दोनच कामं करता येतात: जखम भरून काढ, काहीतरी शीक, एखादं लांब पल्ल्याचं काम थोडं पुढे ने, पोलिसांचं लक्ष कमी कर, किंवा आपल्या व्यसनापायी पैसे उडव. तिसरं काम करायचं तर खिशाला झळ. तुम्हाला नियम बदलायची गरज नाही, एवढीच युक्ती उचल. टेबलाभोवती फिर. “रात्री तुम्ही सरायत उतरलात. पाच दिवस आहेत. तुझी दोन कामं कोणती?” एकाला विचार, त्याचं पाच मिनिटांत संपव, पुढच्याकडे वळ. आमच्याकडे मी सुरुवातीला स्वयंपाकघरातला टायमर ठेवायची. तो वाजला की सगळ्या दचकायच्या, म्हणून काढला, पण तोवर सवय लागली होती. आणि काम सांगताना क्रियापद मागायचं. “मी बाजारात जाते” हे काम झालं नाही. “मला त्या सोनाराकडून अंगठी कोणाची ते काढून घ्यायचंय” हे काम. मग गरज पडली तर फासा, नाहीतर नुसतं “झालं, आणि त्यापायी हे झालं” असं सांगून पुढे.

पाळी आली तरी निवडायला काहीतरी हवं, आणि निवड तेव्हाच होते जेव्हा काहीतरी सुटतं. पाचव्या आवृत्तीत गोम अशी की आठ तासांची लाँग रेस्ट, म्हणजे लांब विश्रांती, घेतली की अंगातले सगळे हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) परत. काल मरता मरता वाचलेला गडी सकाळी ताजातवाना. मग मुक्कामाची गरजच काय? डीएमच्या २०१४ च्या पुस्तकात एक ऐच्छिक नियम आहे, तो तुझ्या गटाला विचारून लावून बघ: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. एका झटक्यात प्रत्येक मोठ्या लढाईनंतर आठवडाभर कुठेतरी टेकावं लागतं, आणि तो आठवडा कुठे काढायचा, कोणाच्या घरी, कोणाच्या पैशाने, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. तुझ्या गटातल्या मंत्रवाल्यांना हा नियम जड जाईल, कुरकूर होईल. दोन सेशन बघ, नाही जमलं तर सोड.

त्या आठवड्यात दुसरीकडेही काहीतरी घडत असू दे. कागदावर पोळपाटाएवढं वर्तुळ काढ, त्याच्या सहा फोडी कर आणि वर लिही, “घाटावरचा सरदार नदी ओलांडतो”. मुक्कामाचा एक आठवडा गेला की एक फोड काळी. कागद लपवू नको, टेबलाच्या मध्येच ठेव. मग “अजून एक आठवडा राहू, माझी तलवार घडवून होईल” आणि “नको, तो सरदार येईल” असा वाद त्यांच्यातच पेटतो आणि तू पोहे खात बघत बसतोस. पण माझी चूक करू नको. मी पहिल्यांदा हे फोडींचं घड्याळ आणलं तेव्हा ते इतकं पळवलं, की माझ्या बाया खेळातले पाच महिने चपला न काढता धावत होत्या. कोणी मुक्काम करायलाच तयार होईना. शेवटी एकीने फासे पिशवीत भरले आणि म्हणाली, “इतकी धावपळ तर माझी ऑफिसात होऊन राहिली, इथे कायले येऊ?” तेव्हापासून तीन मुक्कामांत एखादीच फोड भरते.

नवं काही शिकण्याबद्दल तू विचारलंस ते दोन ओळींत. २०१४ च्या नियमांत नवी भाषा शिकायला २५० दिवस आणि रोज एक सोन्याचं नाणं लागतं. कोणत्याच गटाला ते २५० दिवस मिळत नाहीत. २०१७ च्या पूरक पुस्तकाने ते दहाएक आठवड्यांवर आणलं. त्याच पुस्तकातली जास्त कामाची गोष्ट म्हणजे मुक्कामातल्या कामांना लागणारी विघ्नं आणि प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्धी म्हणजे खलनायक नव्हे. तुमच्या चोराच्याच गल्लीत काम करणारी दुसरी चोर, तुमच्या पुजाऱ्याच्या देवळात त्याच्या आधी लागलेला आणि त्याच्यावर खार खाऊन असलेला दुसरा पुजारी. असे दोनच लोक पेर. दर मुक्कामाला भेटतात, आणि त्यांना मारता येत नाही, कारण गावात खून केला तर गावात राहता येत नाही.

आता दुकानवाली मैत्रीण. तुझ्या पत्रात ती अडचण म्हणून आली आहे. मला ती तुझ्या टेबलावरची एकटीच अशी दिसते जिला तू रचलेल्या गावात खरोखर जायचंय. तिला गप्प करशील तर गाव मेलंच. तिचा अर्धा तास खटकतो कारण त्यात दोनच माणसं आहेत, ती आणि तू, आणि तू नकला जमत नाहीत म्हणून घाम पुसत उत्तरं देतोस. दुकानदार दुसऱ्याला दे. ते जे दोघं “चल ना बे” करतात ना, त्यातल्या एकाच्या हातात चिठ्ठी ठेव: “तू जडीबुटीवाला. तुला हिची गरज आहे, पण दाखवायचं नाही. पन्नास नाण्यांखाली उतरायचं नाही. काल रात्री तुझ्या दुकानात चोरी झाली.” बाकी तो बघून घेईल. इतवारीत साडी घेताना दुकानदाराने “ताई, तुमच्यासाठी म्हणून” म्हटल्यावर आपण जसे सावध होतो, तसा सगळा गट कान टवकारून बसेल. आणि ज्या खरेदीत काहीच पणाला नाही, म्हणजे दोर, मशाली, सात दिवसांचा शिधा, ती सेशनमध्ये आणूच नको. मधल्या रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाका, पैसे वजा करा, विषय संपला. अमेरिकेत १९८०च्या दशकात काही गट अशा मधल्या गोष्टी परीक्षेच्या निळ्या वह्यांत लिहून एकमेकांना द्यायचे. तुमची निळी वही खिशात आहे. ज्या फोनवर तुझा राग आहे, त्याला थोडं कामाला लाव.

नकलांबद्दल आणखी थोडं, कारण हा न्यूनगंड मला बऱ्याच नव्या डीएमच्या पत्रांत दिसतो. आवाज बदलणं हे मीठ आहे, भाजी नाही. “म्हातारा रागावतो, पैसे घेतो, पण तुझ्याकडे बघत नाही” एवढं साध्या आवाजात सांगितलं तरी म्हातारा उभा राहतो. आणि गाव उभं करायचं ओझं एकट्याने कशाला वाहतोस? तू लिहिलंस की तुझी राजधानी बारा वस्त्या जोडून झाली आहे. ही कल्पना कुठून आली ते नागपूरकराला सांगावं लागत नाही; देवगडच्या बख्त बुलंद शाहानं १७०२ मध्ये बारा गावं जोडूनच आपलं शहर वसवलं असं आपण ऐकत आलो. मग त्या बारा वस्त्या वाटून टाक. पाच जणांना दोन-दोन, दोन तुझ्याकडे. आपल्या वस्तीचं जो तो सांगेल. तू फक्त विचारायचं, आणि नेमकं विचारायचं: तुझ्या वस्तीत पाणी कुठून येतं? रात्री कोणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत असतो? कोणाचं दुकान दोन महिन्यांपासून बंद आहे, आणि लोक त्याचं कारण काय सांगतात? एका मुक्कामाला एका वस्तीचे दोनच प्रश्न. आमच्या गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिकेने अशाच एका प्रश्नाला “पाणी येत नाही, चोरून आणतात” असं उत्तर दिलं. त्या एका वाक्यावर माझी पुढची चार महिन्यांची मोहीम चालली. मी काहीच रचलं नव्हतं.

आणि वर्षातून एकदा गावात सण होऊ दे. मी काय केलं ते सांगते, हवं तर जसंच्या तसं उचल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते हे तुला सांगायला नको. काळी, पिवळी असे मोठे पुतळे, आणि मागे बडगे, म्हणजे ज्याच्यावर राग त्याचे पुतळे. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून मी ती बघितली आहे आणि “इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत” ऐकताना भीती आणि मजा एकदम वाटायची. माझ्या खेळातल्या गावात मी तशीच मिरवणूक ठेवली, नाव वेगळं दिलं. मुक्काम पाच दिवसांचा, पाचव्या दिवशी मिरवणूक, आणि पाहुण्यांनी एक बडग्या करून द्यायचा ही गावाची रीत. एवढंच सांगितलं आणि विचारलं, “कोणाचा करता?” लढाई नाही, फासा नाही. पाऊण तास वाद चालला. एकीला गावच्या लबाड सावकाराचा करायचा होता, पण सावकाराने त्यांना घर भाड्याने दिलेलं. दुसरी म्हणाली सरदाराचा करू, तर तिसरी घाबरली, त्याचे हेर मिरवणुकीत असतील. चौथी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारलं, “आपलाच केला तर? आपण आल्यापासून यांच्या विहिरी आटल्या.” सगळ्या गप्प झाल्या. तो बडग्या त्यांनी केला. आणि त्या दिवसानंतर गावातली एकही बाई माझ्या टेबलावर ‘एनपीसी नंबर तीन’ (डीएमने चालवायचं एक बिननावाचं पात्र) राहिली नाही.

वाटेतल्या लांडग्यांचं आता. लांडगे दिसले म्हणजे लढाई झाली पाहिजे हे कोणी सांगितलं? जुन्या नियमांत, उदाहरणार्थ १९८१च्या बेसिक संचात, वाटेत कोणी भेटलं की डीएम दोन सहापैलू फासे टाकून समोरच्याची वृत्ती ठरवायचा. दोन्हींवर एक आला तरच थेट हल्ला. म्हणजे ३६ पैकी एकदा. बाकीच्या वेळी कुरबूर, संशय, बघ्याची भूमिका, कधी दोस्तीसुद्धा. हा फासा परत आण. लांडगे दिसतात, पण ते तुमच्याकडे बघतच नाहीत, सगळे एकाच दिशेला पळत आहेत. का? दरोडेखोर भेटतात, त्यांच्यातली एक बाळंत होते आहे आणि त्यांना तुमचा पुजारी हवाय. पेंचला पहाटे जिप्सीत बसून गेला असशील तर तुला ठाऊक आहे: वाघ दिसत नाही, पण सांबर ओरडलं, माकडं वर चढली, ड्रायव्हरने गाडी बंद केली. तेवढ्यावर सगळे श्वास धरून बसतात.

प्रवासात प्रत्येकाला काम असू दे. ‘र्‍यूतामा’ नावाचा एक जपानी खेळ आहे, २००७चा, जवळपास सगळाच प्रवासाचा. त्यात कोणी पुढारी, कोणी नकाशावाला, कोणी शिधा सांभाळणारा, कोणी रोजनिशी लिहिणारा. आम्ही रोजनिशीवाली उचलली. सेशनच्या सुरुवातीला तीच मागचं वाचून दाखवते, आपल्या पात्राच्या नजरेने, आणि हमखास कोणाची तरी खोडी काढते. रात्रीच्या पहाऱ्यासाठी मात्र एक चांगली सवय लावून घे. “पहारा कोण देतं?” एवढ्यावर थांबू नको. दोघांच्या जोड्या लाव आणि त्यातल्या एकाला सांग की तू दुसऱ्याला एक प्रश्न विचार, जो दिवसा विचारला नसता. पाच मिनिटं, मग उजाडलं. एका प्रवासात एकच जोडी. जास्त केलंस तर तेही गृहपाठासारखं होईल.

आता तुझा दुसरा पर्याय, सगळं काढूनच टाकण्याचा. निम्मं काढ, मी खुशाल सांगते. ज्या जागी कोणाला काही हवं नाही आणि काही बिघडू शकत नाही, तिथे “सात दिवसांनी तुम्ही वेशीपाशी आहात” हे पूर्ण आणि चांगलं वाक्य आहे. नव्या डीएमना वाटतं की जगातली प्रत्येक वाट चालून दाखवली पाहिजे. नको. सातपैकी एक रात्र निवड. आणि तुमच्या पाचही जणांना फक्त लढाया हव्या असतील तर तेही ठीकच, त्यात कमीपणा नाही. पण मग त्यांना एकदा विचार. तू दीड वर्षांत विचारलेलं दिसत नाही. पोह्यांच्या वेळी, सहज, “मागच्या चार सेशनमधलं काय आठवतंय?” एवढंच. उत्तरं ऐकून तुला धक्का बसेल असं वाटतं, पण कोणत्या बाजूने ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

डीएमगिरी सोडायचा विचार तू ज्या सुरात लिहिलास तो सूर दमलेल्या माणसाचा आहे, नकोशा झालेल्या माणसाचा नाही. एखाद्या मित्राला तीन सेशन चालवू दे, तू कॅरेक्टर घेऊन बस. समोरून कसं दिसतं ते कळेल, आणि मुक्कामात तुझा हात फोनकडे कधी जातो तेही कळेल.

कोंडू. दीड वर्ष तुमच्याबरोबर चाललेला माणूस मेला आणि कोणालाच काही वाटलं नाही, हे तू गमतीने लिहिलंस, पण लिहिलंस. मला वाटतं तुझं खरं दुखणं हे आहे. पण विचार कर, त्यांना वाटणार कशाचं? कोंडू फक्त लढाईतच जगला. तो काय खायचा, कोणाला घाबरायचा, पैसे कोणाला पाठवायचा, हे कधी विचारलंच गेलं नाही, कारण ते विचारायची जागा मुक्कामात असते आणि मुक्काम तुम्ही दोन वाक्यांत उरकत होतात. त्याची जागा भरायला दुसरी शीट पुरली. १९८५ मध्ये आलेला ‘पेंड्रॅगन’ नावाचा राजा आर्थरच्या सरदारांचा एक खेळ आहे. त्यात दर मोहिमेनंतर हिवाळा येतो आणि फासे पडतात: घरी मूल झालं का, घोडा जगला का, वय वाढल्याने तुझी ताकद किती घटली. त्यात बाप मेला की मुलगा पुढे येतो, आणि त्या मुलाला टेबलावरच्या प्रत्येकाने पाळण्यापासून बघितलेलं असतं. तुमचा बोंडू आकाशातून पडला.

पण अजून वेळ गेलेली नाही, आणि बोंडू हा विनोद तुझ्या पथ्यावर पडणारा आहे. पुढच्या रविवारी लढाईने सुरुवात करू नको. मागे जा. बोंडू तुम्हाला येऊन मिळाला, पण त्याला बातमी कोणी सांगितली? कोणीतरी कोंडूच्या घरी गेलं असणार. कोण गेलं, ते त्यांना ठरवू दे. कोंडूची जुनी शीट तुझ्याकडे असेल, नसेल तर मित्राकडे माग. त्याच्या झोळीत काय होतं ते खाली लिहिलेलं असतंच: पन्नास फूट दोर, दोन मशाली, सतरा नाणी, कधीतरी उचललेला आणि कधीच न वापरलेला काचेचा मणी. ती यादी मोठ्याने वाच. एकेकाने एकेक वस्तू उचलायची आणि ती आपण ठेवणार की घरी देणार ते सांगायचं. मण्यापाशी थांब, आणि बोंडू खेळणाऱ्या मित्राला विचार: हा तू ओळखतोस का?